छतातली भोकं

शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. प्रदर्शनांसाठी स्टेज, स्टॉल, मॉडेलं बनवायची आणि चार दिवसांनी तीच मोडून टाकायची, हे मी सोळा वर्षं करतोय. आता कशाचंच कौतुक वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात स्पेनच्या संसदेच्या इतिहासावरच्या प्रदर्शनाचं काम आलं, तेव्हा माहितीचे फलकही मी जांभया देतच तपासले. आठशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या एका राजाने सरदार आणि धर्मगुरूंच्या जोडीला शहरांतली माणसंही सभेला बोलावली. पुढे ती सभा कधी भरली, कधी राजांनी गुंडाळून ठेवली. गेल्या शतकातल्या हुकूमशहाच्या काळात तर ती माना डोलावण्यापुरतीच उरली. तो गेल्यावर खऱ्या निवडणुका झाल्या, आणि काही वर्षांतच बंदूकधारी शिपायांनी सभागृहात घुसून छतावर गोळ्या झाडल्या. बंड फसलं. छतातली भोकं मात्र आजही मुद्दाम ठेवलेली आहेत.

म्हणून आम्ही बनवलेल्या त्या सभागृहाच्या नकली छतातही मशीनने भोकं पाडली होती.

आमचे पेंटरकाका गुहागरकडचे, साठीला टेकलेले. प्रत्येक कामाला मी त्यांना सांगायचो, एकही भोक दिसता कामा नये. याही वेळी सवयीने तेच बोललो आणि चहाला गेलो. काकांनी सगळी भोकं पुट्टीने बुजवली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. बोट फिरवूनही कळलं नसतं, इतकं सफाईदार काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन भरवणाऱ्या स्पॅनिश बाई माल बघायला आल्या आणि भोकं कुठे आहेत म्हणून विचारू लागल्या. मालक केबिनमधून खाली आला आणि सगळ्यांसमोर काकांवर चढला. "किसने बोला था भरने को?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा व्हिसा महिन्याभरात संपत होता आणि मालक त्यांना काढायला निमित्तच शोधत होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी हातातल्या ड्रॉइंगमध्ये डोकं खुपसलं.

"मैंने अपने मन से भर दिया, सेठ," काका म्हणाले.

मालक "खलास" एवढंच म्हणाला आणि वर गेला.

काका ड्रिल घेऊन शिडीवर चढले. मी खाली शिडी धरून उभा राहिलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. ही भोकं कसली, ते त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग किती मेले, साहेब?"

"कोणी नाही. जवळजवळ सगळे बाकांखाली लपले. दोघं-तिघंच जागेवर बसून राहिले."

काकांनी ड्रिल थांबवलं. "मी पण बाकाखालीच गेलो असतो," ते म्हणाले. "पोरंबाळं असतात माणसाला."

पुढच्या महिन्यात मालकाने त्यांचा व्हिसा रिन्यू केला नाही. एअरपोर्टवर त्यांना सोडायला मीच गेलो होतो. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, आणि तिथेही मी त्यांची माफी मागितली नाही.