लिंबांच्या पाटीशेजारची जागा

बाजारच्या दिवशी दुपारी छबूबाईंचा फोन आला. छबूबाई कळंबच्या आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात, आणि त्यांनी मला फोन करावा असं काही आमचं नातं नव्हतं. "भाऊ, आज आपा बसल्या न्हाईत. तुमाला काय ठाव हाय का?" मी म्हटलं, गुडघे दुखत असतील, पुढच्या बाजारी येतील. फोन ठेवला आणि वाचनालयात आलेल्या वर्तमानपत्रांवर शिक्के मारत बसलो. थोड्या वेळानं आपांच्या मुलीचा फोन आला, ती लातूरहून गाडीत बसलेली होती. सकाळची नमाज झाली, आपांनी चहा टाकला, आणि चहा उकळत असताना त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच... "काका, अम्मी गेल्या," एवढंच ती बोलली. संध्याकाळच्या आत दफन झालं. मूठभर माती मीही दिली आणि घरी आलो. तिखटमिठाचं काही तोंडात घालवेना, म्हणून बायकोनं सरबत पुढं केलं. ते तर अजिबातच घशाखाली उतरेना. त्याचं कारण पुढं येईलच.

शमीम आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात, तीर्थयात्रेला जातात. आपांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत वर्ग काढला. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना समजायला वेळ लागतो, ज्यांना शाळा पटावर घेते आणि कोपऱ्यात बसवून ठेवते, अशी मुलं त्यांच्याकडं यायची. एके दिवशी त्या माझ्या वाचनालयात आल्या आणि सरळ विचारलं, "भाऊ, अनुदान कसं मिळवायचं याचं एखादं पुस्तक आहे का हो तुमच्याकडं?"

"आपा, तसं पुस्तक असतं तर मीच आधी वाचलं असतं. वर बघा, छप्पर गळतंय."

त्या वर बघून खळखळून हसल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढची कितीतरी वर्षं ती खुर्ची त्यांचीच राहिली. त्यांना हवा होता एक शिकलेला विशेष शिक्षक आणि खेड्यांतली मुलं आणायला एक गाडी. "मला या पोरांवर जीव लावता येतो," त्या म्हणायच्या, "पण शिकवता येत न्हाय. त्याचं शास्त्र वेगळं असतं. नुसत्या मायेनं पोरगं बोलायला लागत असतं तर कुठल्याच आईचं पोरगं मुकं राहिलं नसतं." स्वतःच्या कामातलं उणं इतक्या सरळपणे सांगणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग आमचा शोध सुरू झाला. वाचनालयातला संगणक आमच्या नगराध्यक्षांसारखा, मनात आलं तर उठणार. त्यावर आम्ही संस्था शोधायचो, त्यांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्यायचो. माझी सवय पहिल्या पानापासून वाचायची. आपा अहवाल मागून उघडायच्या. "उद्देश सगळ्यांचेच छान असतात भाऊ. आधी बघायचं, पैसे कुणाला दिले. मग त्याला फोन करून विचारायचं, बाबा, तुला कसे मिळाले?" आणि खरंच त्या फोन करायच्या. कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी शाळांना. समोरचा माणूस आधी बावचळायचा, मग तासभर बोलायचा. कुणी नमुन्याचा प्रस्ताव पाठवायचं, कुणी सांगायचं, त्यांच्या नादी लागू नका, नुसते फोटो काढतात. सरकारी निर्णय, समाजकल्याण खात्याच्या योजना, दिव्यांग प्रमाणपत्राचे नियम, हे सगळं त्यांनी असंच माणसामाणसाकडून गोळा केलं. वाचनालयात पुस्तकं असतात हे खरं, पण जी माणसं त्या वाटेनं आधी गेलीत त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं, हे मला आपांमुळं कळलं.

शेवटी पुण्याच्या एका संस्थेनं रस दाखवला, आणि एकच प्रश्न विचारला. तुमच्या भागात अशी मुलं किती आहेत, आणि हे कशाच्या आधारे सांगता? सरकारी आकडा होता, पण तो इतका लहान, की त्यावरून वाटावं आमच्या तालुक्यावर देवाची खास मेहेरनजर आहे. म्हणून आम्हीच गावोगाव फिरून पाहणी करायचं ठरवलं. आणि इथं आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं तोंडावर आपटलो. आम्ही निघालो ऐन लगीनसराईत! उन्हाळ्याची सुट्टी, आपा मोकळ्या, मीही रजा काढलेली. गळ्यात ओळखपत्रं, हातात पॅड. दारात उभं राहून विचारायचं, घरात कुणी दिव्यांग मूल आहे का? ओसरीवर सोयरिकीची बोलणी चाललेली, आणि आम्ही हे विचारतोय. "न्हाय बाई, आमच्याकडं तसलं काय न्हाय." प्रत्येक दारात हेच. एका घरात तर आतून पोराचा आवाज येत होता, आणि बाई दार लोटून घेत म्हणाली, न्हाय. परतताना आपा एसटीत खिडकीबाहेर बघत बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या घरी पाहुणे आले, की सलीमला मागच्या खोलीत ठेवायचे." सलीम त्यांचा धाकटा भाऊ. तो बोलत नसे. विशीच्या आतच गेला. "माझ्या निकाहच्या दिवशीसुद्धा तो मागच्या खोलीतच होता, भाऊ..."

पुढच्या बाजारी आपा छबूबाईंकडं मेथी निवडत होत्या. शेजारी एक बाई येऊन बसली आणि जुडी उलटीपालटी करत, मान वर न करता म्हणाली, "आपा, म्या त्या दिवशी खोटं बोलले. पोरीची सोयरीक चालली व्हती. मला पोरगा हाय तसला. त्याला काय मिळतं का वो?" ही सुमन. दार लोटून घेणारी तीच.

आपा तिथून तडक वाचनालयात आल्या. धापा टाकत होत्या आणि डोळे चमकत होते. "भाऊ, दारात उभं राहिलं की बाई खोटं बोलते. बाजारात बसलं की खरं बोलते. इथं तिला कुणी विचारत न्हाय, का बसलीस म्हणून." आपांचं माहेर ईट गावचं, तिथं दुसऱ्या भावाची लिंबाची बाग. पुढच्या बाजारी एसटीच्या टपावरून लिंबांचं पोतं आलं आणि आपा छबूबाईंच्या शेजारी पाटी मांडून बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका लिंबं विकते म्हटल्यावर गावात चर्चा झालीच. कुणी म्हणालं पेन्शन अडकली, कुणी म्हणालं पोरगी बघत नाही. आपा ऐकायच्या आणि त्यालाही दोन लिंबं खपवायच्या.

शेजारी त्या गोणपाटाचा एक तुकडा अंथरून ठेवत. जिला काही विचारायचं असेल, ती लिंबं निवडायच्या निमित्तानं तिथं टेकायची. बोलणं हळू आवाजात, हात पाटीत. कागद-पेन आपांनी कधी बाहेर काढलं नाही. कागद दिसला की बाई उठते, हे त्यांना कळलं होतं. एका आईचं सांगून झालं, की त्या पाटीतलं एक लिंबू उचलून जवळच्या कापडी पिशवीत टाकायच्या. बाजार उठला, की पिशवी माझ्या टेबलावर रिकामी व्हायची. "हे मोठं, नदीपलीकडचं, मुलगी, ऐकू येत न्हाय. हे हिरवं, वय सहा, अजून बसत न्हाय." जन्मभर हजेरी घेतलेली बाई, एक मूल विसरायची नाही. मी गाव आणि वय लिहून घ्यायचो, नाव त्या मलाही सांगत नसत. आणि मग आमच्या संशोधनाचं सरबत व्हायचं. माझी बायको म्हणायची, एवढं आंबट काम आणि एवढं गोड सरबत!

प्रस्तावात "माहितीचा स्रोत" असा रकाना होता. मी लिहिलं, 'स्थानिक पातळीवरील प्राथमिक सर्वेक्षण'. आपांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'आठवडी बाजार, लिंबांची पाटी'. मी चिडलो. "आपा, पुण्याची माणसं हसतील."

"हसू द्या. हसली म्हंजे वाचलं तरी."

पुण्याहून एक बाई खास बघायला आल्या. दिवसभर छबूबाईंच्या मागं स्टुलावर बसून होत्या, उन्हानं लाल झाल्या. जाताना फक्त लिंबं घेतली. महिन्याभरानं मंजुरी आली. विशेष शिक्षिका आली, गाडी आली. सुमनचा बाळू पहिल्यांदा गाडीतून उतरला, तेव्हा आपा दारात उभ्या होत्या. त्याला त्यांनी मुद्दाम पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी बसवलं. त्या खिडकीशी त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी बसू दिलं नाही. सलीमचं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

अनुदान मिळालं म्हणून पाटी उठली नाही. नव्या आया येतच होत्या, आणि संस्थेला दर खेपेला ताजी माहिती लागायची. आमची शेवटची भेट त्यावरूनच झाली. नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. आपा नेहमीच्या खुर्चीत बसल्या, गुडघे चोळत म्हणाल्या, "भाऊ, माझ्यामागं पाटीवर कोण बसणार हो?" मी आपलं नेहमीसारखं थट्टेवर नेलं. म्हटलं, मी बसतो की, फेटा बांधून. त्या हसल्या. "बसा. पण तुमच्याजवळ कोण बसणार?"

आपा गेल्यावर ईटच्या भावानं आपणहून पोतं पाठवलं. त्यांच्या मुलीनं कापडी पिशवी माझ्या हातात दिली, तिला अजून लिंबाच्या सालीचा वास येत होता. तो वास नाकात गेला आणि मी मुलीसमोरच रडलो. आपांची इतकी आठवण येते, की दुपारी वाचनालयाचं दार वाजलं तरी मान आधी त्या खुर्चीकडं वळते...

दोन बाजार मी पाटी घेऊन बसलो. आपांच्या जागेवर बसवेना, म्हणून शेजारच्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसलो. छबूबाईंनी आपांची जागा कुणाला घेऊ दिली नव्हती. लिंबं खपली. पण बायका यायच्या, माझ्याकडं बघायच्या, लिंबं घेऊन पदर सावरत निघून जायच्या. एकीनं बराच वेळ लिंबं चाचपली, तोंड उघडलं, आणि शेवटी विचारलं, "आपा कवा येतील?" छबूबाईंनीच सांगितलं. ती बाई घेतलेली लिंबं तशीच पाटीत ठेवून गेली. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर रिकामी पिशवी होती.

परवाच्या बाजारी सुमन आली. बाळूचा हात धरून, भर गर्दीतून. तिनं पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आपांच्या जागेवर बसली. बाळूला पुढ्यात घेतलं. तो पाटीतली लिंबं एकावर एक रचायला लागला, गुणगुणत, मोठ्यानं. तिच्या गावचा एक माणूस जाता जाता थबकला. "सुमन, हे कोण गं?"

"माजा ल्योक हाय," सुमन म्हणाली. आवाज हळू नव्हता. मग माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी उठा. तुमच्याजवळ बायका बसत न्हाईत. तुमी संध्याकाळी लिवून घ्या."

मी उठलो. छबूबाईंच्या मेथीच्या ढिगामागं जाऊन उभा राहिलो. बाजार दाटला तशी एक तरुण बाई आली, बाळूकडं बघत उभी राहिली, आणि त्या गोणपाटाच्या तुकड्यावर टेकली. तिनं पाटीत हात घातला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ गेला. मग सुमननं एक लिंबू उचललं आणि आपांच्या पिशवीत टाकलं.