काही येतंय का?

आमच्या बाबांनी जन्मभर लोकांना अडवलं. खाणीचे डंपर जिथे हायवे ओलांडतात, तिथे ते दोन झेंडे घेऊन उभे असतात. अंगात चकाकणारं जाकीट, ज्याची चकाकी धुण्यात कधीच गेली. नियम असा की भरलेल्या डंपरनं रस्त्याआधी पूर्ण थांबायचं, ताडपत्री बांधलेली दाखवायची, आणि हिरवा झेंडा हलल्याशिवाय चाक पुढे टाकायचं नाही.

माझा नवरा त्याच खाणीवर डंपर चालवतो. बाबा आमच्याकडेच राहतात. म्हणजे दिवसभर सासरा जावयाला अडवणार आणि संध्याकाळी दोघांची गाऱ्हाणी मी ऐकणार. त्यात हल्ली बाबांनी कहर केला होता. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल झेंडा खाली येईना. वर नवीन खूळ, आधी इंजिन बंद करा म्हणे. खेपा कमी झाल्या, ड्रायव्हर वैतागले. काल रात्री नवऱ्यानं जाहीर केलं, मुकादमाला सांगून म्हाताऱ्याला घरी बसवतोच.

मला दोघांचाही वीट आला होता. पण हे काम गेलं की बाबा दाराकडे बघत बसून राहणार, ते मला बघवणार नव्हतं. म्हणून आज डबा घेऊन मीच गेले, जरा नमतं घ्या म्हणून सांगायला.

डबा त्यांनी बाजूला ठेवला. तेवढ्यात नवऱ्याचाच डंपर आला. बाबांनी लाल झेंडा धरला, त्यानं कपाळाला आठ्या घालून इंजिन बंद केलं. दोन्हीकडे वळणापर्यंत रस्ता मोकळा होता. बाबा मान कलती करून उभे राहिले. मग हळूच म्हणाले,

"काही येतंय का गं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचे डोळे पाहिले. ते रस्त्याकडे होते, पण रस्त्यावर कुठेच ठरत नव्हते. मला भयंकर राग आला.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. म्हणून तर इंजिन बंद करायला लावतो. आवाज असला की कुणाला सोडत नाही."

"आणि सायकलवाला आला तर? त्याचा कसला आवाज?"

बाबांनी चेहरा वळणाकडे फिरवला.

"संध्याकाळी मीच मुकादमाला सांगणार आहे," मी म्हटलं.

"सांग. मला ते जमेना," ते म्हणाले. "पण पाळी संपेपर्यंत इथे थांब."

वर डंपरमधून नवरा आम्हा दोघांकडे बघत होता. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"रस्ता मोकळा आहे, बाबा."

लाल झेंडा हलला नाही.

"पुन्हा बघ. मला दिसायचं तेव्हाही मी दोनदा बघायचो."

मी पुन्हा बघितलं, या वेळी सावकाश. मग त्यांचा हिरव्या झेंड्याचा हात धरून मीच वर केला.