वहिनीच्या गाडीतला रबरी पाइप

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाई. बायकोले बी नाई. तुमी वहिनीले ओळखत नाई, आणि मी आता थकलो — म्हून सांगून राहिलो.

सुपेल्यात माह्यं गॅरेज आहे. माहा मोठा भाऊ, दादा, स्टील प्लांटात नोकरीले. सेक्टर सहाच्या क्वार्टरात राहते. वहिनीचा डावा गुडघा गेलेला, क्लच दाबता येत नाई, म्हून त्यानं तिच्यासाठी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. पन्नाशीत शिकली वहिनी. रविवारी एकटी अहिवाऱ्याले जाये, आजारी आईकडे. जाताना गॅरेजसमोर हॉर्न वाजवे. कावून? मी पाहावं म्हून, अजून काय.

त्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल लोखंडी पाइपातून रेडिएटरपाशी जाते, थंड होऊन परत येते. तो पाइप गंजून गळाले लागला. सडलेला तुकडा कापून मधात रबरी पाइप टाकता येते — पण तेलाचाच, आणि लोखंडी पाइपाचं तोंड आधी थोडं फुगवून. नाईतर क्लिप कितीबी आवळा, पाइप सरकते. हे मले माहीत नव्हतं का? गिऱ्हाइकाच्या गाडीले मी तसंच करतो. पण ही घरची गाडी — घरचं काम कधीबी शेवटी. पाण्याच्या पाइपाचा उरलेला तुकडा समोर पडला होता, तोच लावला. मंग करू पक्कं, म्हटलं.

"भाऊजी, रविवारी जाऊ ना मी?"

"जा ना बिनधास्त."

अहिवाऱ्याच्या रस्त्यावर पाइप निसटला. तेल सांडलं, गिअरबॉक्स जळला. गाडी ओढून आणली. मी खाली घुसलो — रबर फुगून लिबलिबीत झालेलं. वरून दादानं विचारलं, "काय झालं बे?" आणि मी — मले विचार करायलेबी वेळ लागला नाई — म्हटलं, "वहिनीनं ब्रेकवर पाय ठेवून चालवली असंन, गिअरबॉक्स तापून जळला."

तुकडा खिशात घातला.

दादा भडकला नाई. भडकला असता तर बरं होतं. "जाऊ दे, तिच्यानं होत नाई," म्हणाला आणि गाडी विकून टाकली. वहिनीनं माह्याकडे पाहिलं फक्त. मी हात पुसत राहिलो. तवा बोललो असतो तर काय झालं असतं — दादाच्या दोन शिव्या? त्याच वाचवल्या मी.

मंग अहिवारा, ज्याले सवड असंन त्याच्या भरोशावर. कधी दादा नेये. कधी मी नेतो म्हणो, आणि राहून जाये. तिची आई गेली, तवा कित्येक दिवस भेट नव्हती. लाज वाटते. पण लाज वाटून बी मी चूपच राहिलो ना.

परवा पुतणी गाडी शिकायले निघाली. मी दादाच्या घरीच चहा पीत बसलो होतो. वहिनी हसत तिले म्हणे, "ब्रेकवर पाय नोको ठेवू बाई. मी असीच एक गाडी जाळली." मंग माह्याकडे वळली.

"हो ना, भाऊजी?"

मी हो म्हटलं.