नियम नववा, नंबर अडतीस

नियमबाईंनी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीसाठी एकूण तेवीस नियम केले होते, आणि त्यातले वीस त्या स्वतः काटेकोर पाळत.

नियमांचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. दार उघडे असले की तक्ता भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि कोणाला दिसत नसे. दार बंद केले की दिसे, पण तेव्हा खोलीत बाई एकट्याच असत. शिपाईमामांनी एकदा सुचवलेही होते, "बाई, तक्ता बाहेर लावू का? पोरांना वाचता येईल." बाई म्हणाल्या होत्या, "पोरांना वाचून काय करायचंय? मोडले की मी सांगतेच."

त्या मुळात टायपिंगच्या बाई. ह्याच खोलीत बावीस टाइपरायटर होते तेव्हापासूनच्या. एके दिवशी टेम्पो आला, टाइपरायटर गेले आणि त्यांच्या जागी वीस कॉम्प्युटर येऊन बसले. बाईंना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आले, तिथून त्या एक प्रमाणपत्र आणि पाठदुखी घेऊन परत आल्या. यंत्रे बदलली, टेबले तीच राहिली, बाईही त्याच राहिल्या. अजूनही त्या कळ अशी दाबत की शब्द पलीकडच्या भिंतीवर उमटावा. चार कीबोर्ड त्यांच्या बोटांखाली गतप्राण झाले होते. पाचवा सात नंबरच्या मशीनवर शेवटचे दिवस मोजत होता.

नियम असे. पहिला: ज्याने त्याने आपल्याच नंबराने मशीन उघडावे. चौथा: जे पाहिले त्याची वहीत नोंद करावी. सातवा: पडद्याच्या दिशेने शिंकू नये. अकरावा: माउसच्या पोटातला गोळा काढून नेऊ नये. माउसला गोळा असण्याचे दिवस केव्हाच सरले होते, पण नियम जागच्या जागी होता. तेविसावा: वरील नियमांत न बसणारी कोणतीही गोष्ट करू नये. आणि नववा: मारामारीची दृश्ये पाहू नयेत.

चौथ्या नियमातली वही ही बाईंची खास योजना. प्रत्येक मशीनला सुतळीने बांधलेली एक वही. रकाने चार: नंबर, किती ते किती, काय पाहिले, का पाहिले. शेवटच्या रकान्यात मुले डोळे झाकून 'अभ्यासासाठी' लिहीत. मांजर पियानो वाजवते, अभ्यासासाठी. जगातले सर्वांत लांब नख, अभ्यासासाठी. सहा वर्षांत एकाच मुलाने 'कंटाळा आला म्हणून' असे लिहिले होते, आणि बाईंनी त्याला पाऊण तास झापले होते.

आता बाकीच्या तीन नियमांचे. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे इंटरनेट आले त्याच महिन्यात, नवव्या नियमाची तपासणी करावी म्हणून बाईंनी मधल्या सुट्टीत दार लावून घेतले आणि सात नंबरवर 'मारामारी' असा शब्द घातला. मशीनने बरेच काही अडवले. महिलांचे बॉक्सिंग मात्र अडवले नाही, कारण तो खेळ होता. पडद्यावर लाल कोपऱ्यातली एक धिप्पाड बाई आणि निळ्या कोपऱ्यातली एक बुटकी, डावखुरी पोरगी. दुसऱ्या फेरीत बुटकीने अशी एक ठेवून दिली की बाईंच्या हातातला चमचा डब्यात पडला. तपासणी तिथेच संपायला हवी होती. ती सहा वर्षे चालली.

स्वतःच्या नावाने हे करणे शक्य नव्हते. शिक्षकांनी काय पाहिले त्याची यादी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर महिन्याला मागवून घेत आणि मिटक्या मारत वाचत. मग नियमबाईंनी दरवर्षी शाळा सोडून गेलेल्या एखाद्या मुलाचा नंबर शोधला. ह्या वर्षी नववी 'ब'चा अडतीस. त्या मुलाच्या वडिलांची जूनमध्ये बदली झाली, नंबर रिकामा पडला. बाई त्यात भाड्याने राहिल्यासारख्या राहू लागल्या. वहीत नोंद अर्थातच नाही. काय लिहिणार? अभ्यासासाठी?

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतले. टेबलावर सात पानांची छापील यादी होती. जानेवारीत मशीन दुरुस्त करणाऱ्याने नवीन काहीतरी बसवले होते. आता मुलांचीही यादी निघत होती, मिनिटांसकट.

"बाई, बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या 'बसा' म्हणाल्या की उभे राहिलेले बरे असते. "नववी ब, अडतीस नंबर. सहा आठवड्यांत पंधरा तास दहा मिनिटं. काय, माहितीये? बायकांची गुद्दागुद्दी. रोज मधल्या सुट्टीत, सात नंबरच्या मशीनवर. वहीत एक अक्षर नाही."

नियमबाई बसल्या.

"तो मुलगा तर गेला ना शाळा सोडून," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मुलगा कुठला? ती नवीन मुलगी. नोव्हेंबरात आली ती. उंच, आडव्या हाडाची. मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, दिसतेच तशी."

झाले होते ते असे. मधेच आलेल्या मुलाला हजेरीपटात शेवटचा नंबर द्यायचा ही शाळेची रीत. पण नववी 'ब'च्या पटाचे पान बावन्नाव्या नावाला संपले होते, आणि वर्गशिक्षक असलेल्या गणिताच्या सरांना एका नावासाठी नवे पान जोडायचा कंटाळा. त्यांनी अडतीसची रिकामी ओळ भरून टाकली आणि जुन्या मुलाची पासवर्डची चिठ्ठी मुलीच्या हातात ठेवली. नियमबाईंना पत्ता नव्हता; वह्यांमधला त्या शेवटचाच रकाना वाचत. म्हणजे तीन महिने एकाच नंबरात दोघी राहत होत्या: मंगळवारी तासाला मुलगी, रोज मधल्या सुट्टीत बाई.

"पण मधल्या सुट्टीत खोलीला कुलूप असतं ना?" मोठ्या बाईंनी विचारले.

हाच तो क्षण होता, आणि बाईंनी तो घालवला. "मी डबा खायला बसते," त्या म्हणाल्या, "दार नुसतं लोटलेलं असतं कधीकधी." ह्यात खोटे फार नव्हते. पुरेसे होते.

"मग चोरूनच बसत असणार. मधल्या सुट्टीत ती कुठे असते ते वर्गातही कोणाला माहीत नाही, मी विचारलं. शनिवारी वडिलांना बोलावलंय. तुमच्याच तक्त्याप्रमाणे, नियम एकवीस: कबुलीचा अर्ज, त्यावर पालकांची सही, अर्जाचं सकाळच्या परिपाठात वाचन, आणि उरलेलं वर्ष कॉम्प्युटर बंद."

उरलेले वर्ष बंद म्हणजे मार्चमधली प्रात्यक्षिक परीक्षा बंद. प्रात्यक्षिक नाही तर दहावीत प्रवेश नाही. हेही बाईंनीच तक्त्यात लिहिले होते, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मशीन उघडले नाही. दार लावून डबा खाल्ला. समोर तक्ता होता आणि तो त्यांच्याकडे बघत होता. खिडकीतून मागचे पटांगण दिसे. तिथे पाण्याच्या टाकीमागे ती उंच मुलगी एकटीच बसून पोळीचे तुकडे मोडत होती. तीन महिने तिथेच बसत असावी. तीन महिने बाईंची खिडकीकडे पाठ होती.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आई त्र्याऐंशीची, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. संध्याकाळी बाईंनी नियम एकविसाचा छापील अर्ज भरला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"आई, इथे सही कर."

आईने चष्मा चढवला. "पाल्याचे नाव. हे तर तुझं नाव आहे. वय, सत्तावन्न. अगं, ह्या वयात शाळेतून घरी चिठ्ठी आणलीस?"

"कर ना सही."

"वाचू दे. तुझे वडील न वाचता सही करायचे, म्हणून तर तू गणितात नापास झाल्याचं मला दोन वर्षांनी कळलं." तिने अर्ज शेवटपर्यंत वाचला. "बॉक्सिंग? तू?"

"हो."

"सहा वर्षं? आणि मला घरी भाजी कशी महागली ते सांगत बसायचीस?"

"आई, माझी नोकरी जाईल कदाचित. मे महिन्यात निवृत्त व्हायची होते. फुलांचा गुच्छ, चार शब्द. आता ते राहिलंच."

"आणि नाही दिलास अर्ज, तर त्या पोरीचं काय?"

"वर्ष जाईल."

"मग भाषण कसलं देतेस? पेन आण." आईने सही केली. मग पालकाचा शेरा अशी जागा रिकामी दिसली, तेव्हा ती सोडणे तिला बरे वाटले नाही. तिने सावकाश लिहिले: 'पाल्यास समज दिली आहे. सुधारेल असे वाटत नाही.'

शनिवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुलीचे वडील आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नखांत ग्रीस, हातात टोपी. मुलगी शेजारी उभी होती आणि आपली उंची कमी करण्याचा प्रयत्न करत होती.

"मॅडम, ही मारामारी बघत नसणार," वडील म्हणाले. "घरी दोन धाकट्या भावांना रोज बदडते. तिला बघायची काय गरज?"

"बाबा," मुलगी पुटपुटली.

"खरं तेच सांगतोय मी."

"मी नाही बघितलं," मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. "मला सात नंबरचं मशीन मिळतच नाही. त्याच्या कळा अडकतात."

"सगळे असंच म्हणतात," मोठ्या बाई म्हणाल्या आणि कोरा अर्ज पुढे सरकवला. नियमबाईंनी त्याच्यावर आपला भरलेला अर्ज ठेवला.

मोठ्या बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. शेऱ्यापाशी आल्यावर त्यांनी खोकला काढला, पण तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळले. मग त्यांनी वडिलांना आणि मुलीला जरा बाहेर थांबायला सांगितले.

"बाई, हे मी वाचलंच नाही असं समजू," दार लागल्यावर त्या म्हणाल्या. "नंबरांचा घोटाळा झाला, असं सांगून मोकळं होऊ. तीन महिने राहिलेत तुमचे."

"घोटाळा म्हटलं की पोरं त्या मुलीलाच घोटाळा म्हणून हाक मारतील. तिला आधीच कोणी डब्याला बोलवत नाही."

"आणि तुम्हाला काय म्हणतील?"

"मला काय म्हणतात ते मला माहितीये. तुम्हीच ठेवलंय ना ते नाव?"

मोठ्या बाईंनी पेपरवेट उचलला आणि पुन्हा ठेवला. "परिपाठात वाचणार तुम्ही हे?"

"नियम एकवीस."

सोमवारी सकाळी साडेसहाशे मुलांसमोर नियमबाईंनी कबुली वाचली. नियम पहिला, चौथा आणि नववा मोडला, दुसऱ्याच्या नंबराने मोडला, आणि त्या नंबराच्या मुलीचा ह्यात काडीचाही दोष नाही. 'बॉक्सिंग' ह्या शब्दावर पाचवीची रांग कोसळली, मग सहावीची, मग गणिताचे सर. आईचा शेराही बाईंनी वाचला, कारण अर्ज अर्धवट वाचायची मुभा कुठल्या नियमात नव्हती. त्यानंतर रांगा पुन्हा उभ्या करायला दहा मिनिटे गेली.

नोकरी गेली नाही. मोठ्या बाईंनी शिक्षा मात्र तक्त्याप्रमाणेच दिली. निवृत्तीपर्यंत बाईंनी मशीनला हात लावायचा नाही, किल्ल्या गणिताच्या सरांकडे. बाईंनी दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि वह्या तपासायच्या. हे बाईंना वाटले होते त्याहून जड गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना काम नव्हते; ती मांडीवर आपोआप टकटकत राहत. आणि एप्रिलमध्ये अंतिम सामना होता. बुटकी सहा वर्षांत प्रथमच तिथवर पोहोचली होती. बाईंच्या घरी इंटरनेट नव्हते. आईने विचारून पाहिले होते, ते रेडिओवर लागत नाही का म्हणून.

मार्चमध्ये उंच मुलीने प्रात्यक्षिक दिले. वीसपैकी अठरा. एव्हाना टाकीमागे तिच्याबरोबर आणखी दोघीतिघी बसू लागल्या होत्या. साडेसहाशेंसमोर जिचे नाव निघाले तिला जवळून बघायचे होते सगळ्यांना.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी तास संपल्यावर बाई नेहमीप्रमाणे वह्या उलटत होत्या. सात नंबरच्या वहीपाशी थांबल्या. नंबर: अडतीस. किती ते किती: दहा दहा ते दहा बत्तीस. काय पाहिले: महिला बॉक्सिंग, अंतिम सामना. का पाहिले: बाईंना सांगायला.

मुलगी दारात दप्तर घेऊन उभी होती. गेली नव्हती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले.

"नोंद."

"ते दिसतंय. नववा नियम माहितीये ना?"

"माहितीये. उरलेलं वर्ष बंद. अकरा दिवस राहिलेत, बाई. आणि प्रात्यक्षिक झालं, म्हणून तर आत्ता बघितलं."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. मग ड्रॉवर उघडून एकविसाव्या नियमाचा कोरा अर्ज काढला आणि तिच्या हातात दिला.

"उद्या सही करून आण."

"खरंच, बाई?"

"खरंच. आणि वडिलांना म्हणावं, शेराही लिहा. ती जागा रिकामी सोडू नये." त्यांनी शेजारचे स्टूल पायाने ओढून पुढे केले आणि दार लावून घेतले. "आता बस इथे. पहिल्या फेरीपासून सांग, आणि घाई करू नकोस."