रिबकाचा न मिसळलेला मलिदा

तळोज्याच्या कंपनीत नुकताच टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. "रिबकाचे भाऊच ना तुम्ही? निघा लगेच." आवाजावरूनच कळलं, आता घाई करून उपयोग नाही. तरी गाडी जोरात हाणली... धाकटी बहीण जाऊन आता दीड महिना होईल.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नात्यातले बहुतेक जण इस्राएलला गेले, पनवेलात आम्ही दोघंच उरलो. रिबकाला विशीतच ल्युपसने गाठलं. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असा हा आजार. सांधे सुजायचे, ताप यायचा, पण चेहरा टवटवीत. त्यामुळे लोकांना, खरं तर मलाच, वाटायचं की ही नाटकं करते. त्यात मिक्सर लागला की ती कान दाबून गॅलरीत पळायची. आणि मलिदा! काही चांगलं घडलं की भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवून आमच्यात देवाचे आभार मानतात. ती बशीला हात लावायची नाही. "मऊ आणि करकरीत एकदम तोंडात नको, दादा." "देवाचं आहे, नखरे पुरेत," मी म्हणायचो. एकदा तर पाहुण्यांसमोर घास भरवलाच. ती मोरीत जाऊन ओकली. मी बाहेर हसत होतो.

चाळिशी उलटल्यावर ती कामोठ्यातल्या एका थेरपिस्ट बाईंकडे जाऊ लागली. त्यांनी तपासणीला पाठवलं, आणि ऑटिझम हा शब्द तिला मिळाला: आवाज, स्पर्श, घास मेंदूला इतरांपेक्षा वेगळे जाणवतात. दुखत असेल तर चटईवर आडवं पडून बोला, बोलवत नसेल तर नका बोलू, असा त्या खोलीतला कारभार. "दादा, तिथे मी दमलेली असले तरी चालतं," ती म्हणाली. इतकं साधं मागणं. घरात मी ते कधी दिलं नव्हतं.

एकदा तिच्या आग्रहाखातर मीही गेलो. मी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आणि मी? "लहानपणापासून हट्टी आहे हो ही," म्हणत मलिद्याचा किस्सा रंगवला. चटईवरून ती म्हणाली, "हट्ट नव्हता तो. दुखायचं मला. तोंडातसुद्धा."

"पोहे दुखतात होय!" मी हसलो. बाई हसल्या नाहीत. रिबकानं मला परत कधी बोलावलं नाही.

गेल्या वर्षी ती जरा बरी होऊन हॉस्पिटलमधून घरी आली, तेव्हा मी मलिदा केला, दोघांपुरता. पोहे एकीकडे, गूळ एकीकडे, खोबरं एकीकडे. प्रार्थनाही मोठ्यानं न म्हणता पुटपुटलो फक्त.

"मिसळायला विसरलास?"

"नाही."

तिनं सगळं संपवलं. माझं चुकलं, असं तेव्हा म्हणायचं होतं... विचारलं काय, तर खोबरं ताजं आहे ना.

आता गुरुवारी, तिच्या वेळेला, मी कामोठ्याला जातो. बाई खुर्ची तिरकी करून, खिडकीकडे बघत बसतात. रिबकाला कुणी चेहऱ्याकडे रोखून पाहिलेलं सोसायचं नाही, तिच्यामुळे लागलेली सवय. पहिल्या गुरुवारी हे लक्षात येताच त्या खुर्ची सरळ करायला उठल्या. "राहू द्या," मी म्हणालो. समोर कुणी बघत नसलं की मलाही बोलता येतं, हे पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय. त्या दिवशी मीही माझी खुर्ची तिरकी केली. मग खिडकीकडे बघतच म्हणालो, "खरंच दुखायचं हो तिला."