काउंटरवरचे फोन काढले तेव्हा

आमच्या हिने लग्न माझ्याशी केलं, पण संसार थाटला विमान कंपनीशी. चोवीस वर्षं चेक-इनच्या एकाच काउंटरवर. प्रवाशांचं सगळं हिला तोंडपाठ: कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला खिडकीच लागते, कुणाची सून बाळंत झाली. मी चिडायचो, "घरच्यांची नावं तरी लक्षात आहेत का?"

त्यात एक चष्मेवाला होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आईला भेटायला जायचा, सलग अकरा वर्षं. चांगला ताडमाड, म्हणून ही त्याला न मागता पाय पसरता येतील अशी जागा द्यायची. त्याला उशीर झाला तर काउंटरवरून थेट गेटवर फोन, "आपला माणूस आहे, दोन मिनिटं थांबा." दुसऱ्या कंपनीचं तिकीट स्वस्त होतं, पण तो तिकडे फिरकायचा नाही.

मग वरच्या साहेबांच्या डोक्यात काटकसरीचं भूत शिरलं. आधी पाण्याची बाटली गेली, मग पांघरूण गेलं. पाय पसरायच्या जागेचे वेगळे पैसे लागले. सहा काउंटरांचे दोन झाले, आणि एके दिवशी तिथले फोनसुद्धा काढून नेले. ही घरी येऊन चरफडायची, "अहो, माणसं तोडतायत हो!" मी म्हणायचो, "तुला काय करायचंय? कंपनी काय तुझ्या वडलांची आहे?"

एका मंगळवारी चष्मेवाला आला. आईचं काही खरं नव्हतं. निघाला होता वेळेवर, पण दोन काउंटरांपुढची रांग पार दारापर्यंत गेलेली. त्याचा नंबर लागेपर्यंत कॉम्प्युटरने त्या उड्डाणाचं चेक-इन बंद केलं होतं. चार मिनिटांनी हुकलं. हिने सवयीने फोनकडे हात नेला, तर तिथे नुसती वायर. "ताई, काहीतरी करा ना!" तो म्हणाला. मागची रांग ओरडत होती. ही "सॉरी" म्हणाली आणि पुढच्याचं तिकीट हातात घेतलं.

तीन महिन्यांनी तो हिला दिसला, समोरच्या कंपनीच्या रांगेत. आईचं घर आवरायला निघाला होता. ही उठून त्याच्यापाशी गेली. "संध्याकाळच्या विमानाने पोचलो, ताई. आई दुपारीच गेली," तो म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पण तो शांत होता. हिने कसंबसं विचारलं, "पुन्हा याल ना आमच्याकडे?" त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

पहिला शनिवार आला की ही अजून काउंटरवरून दाराकडे बघत बसते. वेडी आहे झालं! मला हिची दया येते, आणि आत कुठेतरी तुटतंही.

परवा चहा ओतता ओतता थांबली. "अहो, गेट किती लांब होतं? दोनशे पावलं. मी उठून धावले का नाही?"

नोकरी गेली असती म्हणून. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते बोलायची दोघांनाही लाज वाटली.