शौलासाठी वीणा

प्रार्थनेला आलेल्या बायकांनी माझ्या धाकट्या जावेच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्या ओरडल्या, "नीघ हिच्यातून!" तिने मान आणखी खाली घातली, जणू तिलाच घराबाहेर काढत होत्या.

चार महिने ती उदास आहे; बायका म्हणतात, तिच्यात भूत शिरलंय. शुभवर्तमानात येशू धमकावतो आणि भूत निघून जातं. पण त्याच बायबलात शौल राजाला छळणारा दुष्ट आत्मा परमेश्वराकडूनच आलेला. राजावर कोणी ओरडलं नाही. त्याला आराम पडावा म्हणून वीणा वाजवणारा शोधून आणला. तरी तो आत्मा पुन्हा पुन्हा परतला. हे आम्ही मोठ्याने वाचत नाही.

बायका गेल्यावर जावेने विचारलं, "ताई, हे गेलं नाही, तर माझाच विश्वास कमी म्हणतील ना?"

"म्हणू देत. तू डॉक्टरांची गोळी घे."

तिने घेतली, पण भिंतीवरच्या क्रुसाकडे पाठ करून.